एका राष्ट्रपतींचा परवानगीचा अर्ज

पद्माकर हिर्लेकरांना परवानगी मागायला कोणी सांगितलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जो घोळ झाला त्यात ज्याला त्याला वाटत होतं की यांना कोणीतरी भरीला घातलं असणार, यांच्या मागे कोणीतरी असणार. कोणी नव्हतं हो. माणूस आपणहून टेबलापाशी बसला, चष्मा पुसला आणि आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. तोही तीन प्रतींत.

केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. कारकून म्हणून लागले, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला, मुलगी मयुरा तिथेच वाढली, आणि क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा गाझियाबादेत वसुंधराला नवव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. यात सांगण्यासारखं काही नाही. असे हिर्लेकर दिल्लीत शेकड्यांनी सापडतील.

पण या माणसाला नाटकाचं वेड होतं. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक बसायचं, तालमी पहाडगंजच्या मराठी शाळेत व्हायच्या, आणि दरवर्षी पद्माकररावांच्या वाट्याला तिसऱ्या अंकात येणारा इन्स्पेक्टर यायचा. नाहीतर डॉक्टर. नाहीतर भाडं मागायला आलेला घरमालक. "पद्माकरला काय, कुठलंही काम द्या, निभावून नेतो," असं मंडळी म्हणायची. निभावून नेतो म्हणे! निभावून नेणाऱ्याला कधी कोणी नायक केलंय का? पद्माकरराव घरी येऊन मेकअप पुसताना मात्र आरशासमोर नायकाची वाक्यं म्हणून बघायचे, आणि नायकापेक्षा बरी म्हणायचे, असं त्यांची बायको अलका सांगते. बायकोचं मत म्हणून सोडून देऊ नका. अलकाबाई नवऱ्याचं कौतुक करण्यातल्या नव्हेत.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सोसायटीत पंधरा ऑगस्टचं भाषण त्यांनी केलं. पांढरी अचकन, पांढरे केस, ताठ मान. अकराव्या मजल्यावर विक्रांत नावाचा तिशीतला दिग्दर्शक नुकताच राहायला आला होता. झेंडावंदन संपल्यावर तो लाडू हातात घेऊन समोर उभा राहिला आणि म्हणाला, "अंकल, मुझे मेरा राष्ट्रपति मिल गया।"

सिनेमा राजकीय कटाचा होता. राष्ट्रपतींना त्यांच्याच भवनातली माणसं कट करून ठार मारतात आणि एक पत्रकार त्याचा छडा लावते. विषय स्फोटक, त्यामुळे विक्रांतने वकिलाकडून सगळी पटकथा तपासून घेतली होती. देशाचं नाव कुठेही नाही, झेंडा दिसत नाही, शहराला नाव नाही. कोणी हरकत घेतली तर काल्पनिक देश म्हणून हात झटकता यावेत, अशी चोख व्यवस्था. आणि या सिनेमात एक चार मिनिटांचा सीन होता. राष्ट्रपतींना कट कळलेला आहे. समोर त्यांचा सेक्रेटरी उभा आहे, तो कटात सामील आहे हेही त्यांना कळलेलं आहे. राष्ट्रपती त्याच्यावर ओरडत नाहीत. त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, त्याला लहानपणच्या दोन गोष्टी ऐकवतात, आणि मग, मरण समोर दिसत असताना, उठून सभेला निघतात. पद्माकररावांनी ती पानं वाचली आणि रात्रभर त्यांना झोप लागली नाही. अख्खा जन्म ज्याची वाट पाहिली ते काम बासष्टाव्या वर्षी दोन मजले उतरून घरी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं असेल त्यांनी? वाक्यं पाठ करायला घेतली? छे. अर्ज लिहायला बसले.

"अहो, रिटायर होऊन किती वर्षं झाली? कोण विचारतंय तुम्हाला?" अलकाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या.

"पेन्शन घेतोय ना सरकारची? उद्या कोणी विचारलं तर कागद हाताशी असावा."

"आणि नाही दिली परवानगी तर?"

"का नाही देणार? काही लपवलं तर शंका येते. सगळं स्वच्छ लिहायचं."

आणि लिहिलं की स्वच्छ! इंग्रजीत, खात्याच्या ठरलेल्या साच्यात. विषय : हिंदी चित्रपटात राष्ट्रपतींची भूमिका करण्यास ना हरकत प्रमाणपत्र मिळण्याबाबत. इथपर्यंत ठीक होतं. पण नुसतं 'राष्ट्रपती' त्यांच्या डोळ्याला खुपायला लागलं. कुठले राष्ट्रपती? कधीचे? हाताखालच्या मंडळींना त्यांनी आयुष्यभर हेच शिकवलं होतं, की विषयाची ओळ वाचून साहेबाला प्रश्न पडला की फाइल परत आलीच समजा. तेव्हा त्यांनी नीट विचार करून दोन शब्द वाढवले : 'भारताचे माननीय'. शिवाय अर्ज सहपत्राशिवाय कसा पाठवायचा, म्हणून सोबत कथेचा गोषवारा जोडला. कटात कोण कोण आहे, कट कुठे शिजतो, हत्या कशी होते, सगळं मुद्देसूद, एक ते नऊ. विक्रांतला यातलं काही सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय, हा आपला आणि आपल्या खात्याचा मामला, असं त्यांना वाटलं.

महिना गेला, उत्तर आलं नाही. आता इथे तरी गप्प बसावं की नाही? कागद कुठल्याशा टेबलावर सुखाने झोपला होता. त्याला झोपू दिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण पद्माकररावांनी स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं. तिसरं तर वरच्या साहेबाला, चार टेबलांना प्रती. झोपलेल्या कागदाला असं हलवून हलवून उठवलं त्यांनी.

फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या एका फार्महाउसवर तो सीन झाला. विक्रांत म्हणाला होता, अंकल, तुकड्या-तुकड्यांत घेऊ, टेन्शन नका घेऊ. पद्माकरराव म्हणाले, एकदा सलग घेऊन बघा. सलग घेतला, आणि दुसऱ्यांदा घ्यावा लागलाच नाही. सीन संपल्यावर लाइटवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विक्रांत जवळ आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "अंकल, कुछ भी हो जाए, ये सीन नहीं कटेगा।"

गाडीतून घरी येताना ते अलकाबाईंना फोनवर एवढंच म्हणाले, "आज नीट झालं." इतक्या वर्षांच्या नाटकांत एकदाही त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालं नव्हतं. अलकाबाईंनी त्या दिवशी न सांगता पुरण घातलं.

जुलैत ट्रेलर आला आणि आग लागली. टीव्हीवर रोज संध्याकाळी आठ-आठ चौकोनांतून माणसं एकमेकांवर खेकसू लागली. एवढ्या मोठ्या पदाचा अपमान, देशाच्या सुरक्षेशी खेळ, बंदी घाला, दिग्दर्शकाला आत टाका. एका संघटनेने कोर्टात याचिका टाकली. विक्रांत निवांत होता. काल्पनिक देश, काल्पनिक माणूस. दोन तारखांत प्रकरण मिटेल, असं वकिलाने सांगितलं होतं.

दुसऱ्या तारखेला याचिकेसोबत परिशिष्ट सात दाखल झालं. परिशिष्ट सात म्हणजे पद्माकर हिर्लेकरांचा अर्ज. त्या चार टेबलांपैकी कुठून बाहेर पडला देव जाणे. पण खाली त्यांची सही होती, वर 'भारताचे माननीय' होतं, आणि सोबत एक ते नऊ मुद्दे होते. काल्पनिक देशाचं सोंग त्या एका कागदाने उघडं पाडलं.

विक्रांत दोन मजले उतरून आला. चिडलेला नव्हता, हेच जास्त वाईट होतं. त्याने मोबाइलवर कागदाचा फोटो दाखवला.

"अंकल, ये आपने लिखा है?"

"हाँ."

"किसी ने लिखने को बोला था?"

"नहीं."

"तो फिर क्यों, अंकल?"

तो गेल्यावर पद्माकररावांनी आपल्या जुन्या खुर्चीवर आता बसणाऱ्या राघवला फोन लावला. राघव बिचारा अदबीने म्हणाला, "सर, आपको तो परमिशन की ज़रूरत ही नहीं थी। रूल में आता ही नहीं। हम यही सोच रहे थे कि इसका जवाब क्या दें।" फोन ठेवल्यावर पद्माकरराव स्वतःवर इतके संतापले की त्यांनी टेबलावरचा स्टेपलर उचलून कपाटावर मारला. उभ्या आयुष्यात त्यांनी फेकलेली ही पहिली वस्तू.

आता वाटा दोनच, असं वकिलाने सांगितलं. एक म्हणजे राष्ट्रपती सिनेमात दाखवायचेच नाहीत, नुसता उल्लेख ठेवायचा. म्हणजे सीन गेला. दुसरी म्हणजे अर्जदाराने प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, की अर्जात लिहिलं ते चूक होतं.

"देतो की," पद्माकरराव लगेच म्हणाले. "ते दोन शब्द मी माझ्या मनाने घातले, असं लिहून देतो. खरंच आहे ते."

वकिलाने मान हलवली. तेवढ्याने भागायचं नाही. चौतीस वर्षं सरकारी मसुदे लिहिलेला माणूस असे शब्द चुकून घालत नाही, आणि घातलेच तर वर तीन स्मरणपत्रं पाठवत नाही. कोर्ट विचारणार, असं का केलं? त्याला एकच उत्तर चालण्यासारखं होतं, आणि ते त्याने टाइप करूनच आणलं होतं. वयोमानामुळे माझ्या स्मरणशक्तीवर व आकलनावर परिणाम झाला असून कल्पित कथा आणि वास्तव यांत माझा गोंधळ होतो. सदर अर्ज अशाच अवस्थेत लिहिला गेला.

अलकाबाईंनी तो कागद वाचला आणि त्यांचा पाराच चढला. "तुम्हाला विसर पडतो? आपल्या लग्नात माझ्या मामांनी पंगतीत मठ्ठा सांडला, तो कोणाच्या धोतरावर, ते आजही सांगता तुम्ही. खबरदार सही कराल तर. एका सीनसाठी वेडं ठरायचंय?"

"वेडं कुठे लिहिलंय? स्मरणशक्ती लिहिलंय."

"तेच ते."

"अगं, कोर्टाचा कागद आहे, कोर्टात राहील. लोक बघणार आहेत तो सिनेमा. ती चार मिनिटं बघितली की या कागदाला कोण विचारतं?"

हा त्यांचा हिशेब. चुकीचा होता असं आता म्हणणं सोपं आहे. त्यांनी मसुद्यातले दोन स्वल्पविराम दुरुस्त केले, एक क्रियापद बदललं, आणि सही केली. ज्याच्या आकलनावर परिणाम झालाय त्याने केलेल्या दुरुस्त्या वकिलाने निमूटपणे मान्य केल्या.

याचिका निकालात निघाली. सिनेमाच्या सुरुवातीला लांबलचक खुलासा दाखवायचा एवढ्यावर सुटका झाली, आणि सीन वाचला. पण कोर्टाचा कागद कोर्टात राहिला नाही. एका बातमीच्या साइटवर तिसऱ्या दिवशी मथळा झळकला : 'वाद पेटवला स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाने'. फोटो पंधरा ऑगस्टच्या भाषणाचा. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो सकाळी साडेसातला पोचला, आणि आठपर्यंत हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग लागली.

मग जे सुरू झालं त्याने पद्माकरराव पार वैतागून गेले. सोसायटीचा सिक्युरिटीवाला लिफ्टमध्ये आधीच नऊ नंबर दाबून ठेवू लागला. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब फोनवर एकेक शब्द सावकाश, मोठ्याने बोलायचे. गणपतीच्या नाटकात या वर्षी तिसऱ्या अंकातला इन्स्पेक्टरसुद्धा दुसऱ्याला गेला. "तुम्ही आरामात पहिल्या रांगेत बसा," अण्णासाहेब म्हणाले. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले, तर काउंटरवरची मुलगी त्यांच्याकडे न बघता अलकाबाईंना विचारते, "आंटी, ये सबको पहचानते हैं ना?"

"तुला नाही ओळखत," पद्माकरराव मराठीत म्हणाले, आणि मुलीने सहानुभूतीने मान हलवली.

पण हे सगळे परके. खरा त्रास मयुराचा. ती गुडगावला कंपनीत नोकरीला, राहायलाही तिकडेच. आठवड्यातून एकदा फोन करणारी मुलगी दिवसातून दोनदा करू लागली. बाबा, आज वार कुठला? बाबा, सकाळी काय खाल्लं? एका रविवारी येऊन तिने स्वयंपाकघरात गॅसच्या वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली : गॅस बंद केला का?

"मयुरा, मला काहीही झालेलं नाही. ते वकिलाने लिहिलेलं होतं. सीन वाचावा म्हणून मी सही केली."

"हो बाबा. बिल्कुल."

"बिल्कुल काय? तुझ्या आईला विचार."

अलकाबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मयुराने शांतपणे ऐकून घेतलं, आणि आईला गॅलरीत नेऊन म्हणाली, "आई, तू पाठीशी घालतेस त्याला. ज्याची गरजच नाही त्याची परवानगी मागायची, तीन-तीन रिमाइंडर पाठवायचे... नॉर्मल माणूस करतो का हे, यार? मी वाचलंय. पेशंट स्वतः कधी मान्य करत नाहीत."

दार उघडंच होतं. पद्माकररावांनी ऐकलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. ते गॅलरीत गेले आणि चौतीस वर्षांतल्या आपल्या सगळ्या बदल्या, सगळे साहेब, सगळ्या फाइलींचे क्रमांक एका दमात घडाघडा म्हणून दाखवले. एकही चुकला नाही. मयुराच्या डोळ्यांत पाणी आलं. "जुनं सगळं आठवतं," ती आईला हळूच म्हणाली, "तसंच असतं म्हणे यात." आता यावर माणसाने काय करावं? पद्माकररावांनी चप्पल घातली आणि सोसायटीला पाच फेऱ्या मारल्या. परत आले तेव्हा मयुरा खाली गेटपाशी उभी होती, ते वाट चुकले असतील म्हणून.

येऊ दे सिनेमा, असं ते स्वतःला सांगत राहिले. एकदा बघितला की कळेल सगळ्यांना. वेड्याच्या हातून असलं काम होत नाही.

सिनेमा नोव्हेंबरच्या शेवटी लागला. घराजवळच्या वैशाली भागातल्या एका मॉलमध्ये रविवारी दुपारचा खेळ. मंडळाच्या वीस-बावीस जणांनी तिकिटं काढली होती. बाहेर हवा इतकी खराब की सगळे मास्क लावूनच आले. पद्माकररावांच्या एका बाजूला अलकाबाई, दुसऱ्या बाजूला मयुरा, मागच्या रांगेत अण्णासाहेब आणि त्यांच्या पत्नी सुनीतीबाई. पद्माकररावांनी नवा शर्ट घातला होता. मध्यंतरात त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

मग तो सीन आला. पडद्यावर पांढऱ्या अचकनमधले पद्माकरराव खुर्चीत बसले आणि सेक्रेटरीच्या आईच्या गुडघ्यांबद्दल विचारू लागले. आवाज इतका शांत की थिएटरमधली पॉपकॉर्नची कुरकुर आपोआप थांबली. चांगलं झालं होतं. अगदी खरं सांगायचं तर फारच चांगलं झालं होतं, आणि अंधारात बसलेल्या पद्माकररावांना ते कळत होतं.

शेवटाकडे राष्ट्रपती सेक्रेटरीला म्हणतात, "मैंने तुम्हें माफ़ किया।" पटकथेत हे एकसंध वाक्य होतं. शूटिंगच्या दिवशी पद्माकररावांनी ते मध्येच मोडलं होतं. 'मैंने तुम्हें' म्हणाले आणि थांबले. कोणाला विचारलं नव्हतं, कोणाची परवानगी घेतली नव्हती. ज्याने आपल्याला मारायचं ठरवलंय त्याला क्षमा करायला माणसाला वेळ लागणारच. तोंड उघडलं तरी शब्द लगेच येणार नाही, असं त्यांना आतून वाटलं होतं. मनात सात आकडे मोजले होते त्यांनी, आणि मगच पुढचे दोन शब्द उच्चारले होते. अख्ख्या सीनमध्ये त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

पडद्यावर ते थांबले. एक, दोन, तीन. मागच्या रांगेतून अण्णासाहेबांची कुजबुज आली, "विसरले बघ. बिचारे." आणि सुनीतीबाई म्हणाल्या, "सांभाळून घेतलं हो पण."

पद्माकरराव वळले. मी विसरलो नाही, मुद्दाम थांबलो, हे तोंडापर्यंत आलं होतं. पण हे कोण खरं मानणार? आपलं आपल्याला कळत नाही, असं त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं होतं. ते पुन्हा पडद्याकडे तोंड करून बसले.

तेवढ्यात मयुराने त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. ती रडत होती. कानाशी येऊन अगदी हळू म्हणाली, "छान केलंस, बाबा. कोणाला कळलंसुद्धा नाही."